सही कुणाची चालते?

बेळगाव, रविवार

प्रिय पोरी,

तुझा मेल दोनदा वाचला. युरोपियन युनियन शेजाऱ्यांशी व्यापार करार कसे करते यावर प्रबंध, आणि पहिलंच प्रकरण आयात शुल्काच्या तक्त्यांवर! ते तक्ते तूर्त बाजूला ठेव. उद्यमबागेतल्या कास्टिंगची निर्यातीची कागदपत्रं करण्यात माझी हयात गेली. मीही सुरुवातीला फक्त दर वाचायचो.

लग्नाच्या याद्या करताना तू पाहिलं असशील. खानापूरकडचा मामा पोह्यांपर्यंत सगळ्याला हो म्हणतो, आकडा निघाला की "घरात विचारून सांगतो". ती त्याची अडचण, आणि तेच त्याचं हत्यार. ब्रुसेल्सचा आयोग, म्हणजे युनियनचा कारभार चालवणारं मंडळ, असाच बैठकीला बसतो. बोलणी तो करतो, पण कशावर आणि कुठवर बोलायचं ते सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद ठरवून देते. शेवटी युरोपीय संसदेची संमती लागते. म्हणजे निम्मी घासाघीस शेजारी समोर येण्याआधी घरातच उरकलेली असते. शेजाऱ्याने ताणलं, की 27 घरांत विचारावं लागेल, हे उत्तर तयार.

कधी घरच अडतं. कॅनडा काही शेजारी नव्हे, पण ऑक्टोबर 2016 मध्ये त्याचा करार बेल्जियमच्या फ्रेंचभाषक वालोनी प्रांताने रोखून धरला होता. भाषेच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्याला यात नवल नाही. पुण्याच्या मित्रांना मात्र मला ते दोनदा समजवावं लागलं.

आता शेजाऱ्यांकडे बघ. नॉर्वे 1994 पासून युनियनच्या बाजारात आहे, तिथले नियम पाळतो, पण ते ठरवताना त्याला मत नाही. स्वित्झर्लंडने 1992 च्या सार्वमतात, 50.3 टक्क्यांनी, तो रस्ता नाकारला. मग 1999 मध्ये सात वेगळे करार केले. युनियनने त्यांना अशी गाठ मारली की एक मोडला तर सातही मोडणार.

सगळ्यात वेळ दे तो तुर्कस्तानला. त्याने 1995 च्या अखेरीस युनियनशी सीमाशुल्क संघ केला, म्हणजे आपसात शुल्क नाही आणि बाहेरच्यांना दोघांचं एकच शुल्क. औद्योगिक मालावर बाहेरच्या देशांसाठी शुल्क काय, हे त्यानंतर ब्रुसेल्स ठरवू लागलं. युनियनने मेक्सिकोशी करार केला. मेक्सिकोचा माल युरोपमार्गे तुर्कस्तानात शुल्काविना शिरू शकतो, पण तुर्की मालाला मेक्सिकोचं दार आपोआप उघडत नाही. तुर्कस्तानने स्वतः मेक्सिकोच्या मागे लागायचं, आणि मेक्सिकोला तर घाई नाही, हवं ते आधीच मिळालंय! नॉर्वे नि स्वित्झर्लंडने शुल्काची चावी स्वतःकडे ठेवली. म्हणून तर एफ्टा या चार देशांच्या व्यापारी गटातल्या बाकी दोघांसह ते 10 मार्च 2024 ला भारताशी स्वतंत्र करार करू शकले. तुर्कस्तानला असा करार युनियनचं शुल्क सांभाळूनच करावा लागेल.

हे कळलं तेव्हा मी दर वाचणं सोडलं नाही, पण आधी सही कुणाची ते पाहू लागलो.

तुझं पहिलं प्रकरण तुर्कस्तानपासून उघड. त्या सीमाशुल्क संघाचा 1995 चा निर्णय क्रमांक 1, त्यातलं कलम 16, छापून येताना आण. मोबाईलवरची ती बारीक अक्षरं माझ्या चष्म्याला आता झेपत नाहीत.

तुझा,
काका