चोवीस शब्द मीच भरले, हे पोलिसांना सांगू का?

प्रश्न : मी नाशिकला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. २०२१ पासून पगारातून थोडं थोडं बिटकॉइन घेत गेलो. २०२३ मध्ये ऑनलाइन बाजारातल्या एका विक्रेत्याकडून हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची गुप्त चावी जपणारं छोटं उपकरण, घेतलं, सगळं त्यात ठेवलं आणि ते कपाटात कुलूपबंद केलं. त्यात धाकट्या बहिणीचे ३ लाखही होते. गेल्या महिन्यात वॉलेटच्या कंपनीच्या नावाने पोस्टाने पत्र आलं : उपकरणात सुरक्षेची त्रुटी सापडली आहे, मुदतीत फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं नाही तर वॉलेट बंद पडेल. क्यूआर कोड स्कॅन केला आणि उघडलेल्या पानावर वॉलेटची चावी असलेले माझे २४ शब्द भरले. दुसऱ्या दिवशी सुमारे ११ लाखांचं बिटकॉइन गेलेलं होतं. थोडं इथर (दुसरं एक क्रिप्टो नाणं) अजून तिथेच आहे. मित्र म्हणाला, शब्द स्वतः दिले असं कबूल केलंस तर केसच उरणार नाही. म्हणून ऑनलाइन तक्रारीत मी ‘फर्मवेअरमधल्या त्रुटीमुळे वॉलेट हॅक झालं’ एवढंच लिहिलं. पोलीस ठाण्यात ‘क्रिप्टो बेकायदेशीर आहे’ म्हणून परत पाठवलं. कंपनी म्हणते, उपकरण रीसेट करून नवं फर्मवेअर टाका. मेहुणे माझ्यावरच केस करायची भाषा करतात. शिवाय आयकराची भीती. काय करू?

उत्तर : नमस्कार. कायद्याकडे वळण्याआधी एक तातडीची गोष्ट. उरलेलं इथर आजच हलवा. तेच २४ शब्द चोराकडेही आहेत, त्यामुळे जुन्या वॉलेटवर कितीही नवं फर्मवेअर टाकलं तरी ते पैसे सुरक्षित होत नाहीत. नवं उपकरण घ्या, त्यावर नवे शब्द तयार करा आणि इथर तिकडे पाठवा. जुनं उपकरण मात्र रीसेट करू नका, अपडेटही करू नका. कंपनीचा सल्ला त्यांच्या नेहमीच्या ग्राहकासाठी ठीक असेल, पण तुमच्यासाठी ते उपकरण आता पुरावा आहे. आज त्यात कोणतं फर्मवेअर आहे, हेच पुढे महत्त्वाचं ठरू शकतं. पाकीट, त्यावरचा पोस्टाचा शिक्का, पत्र, क्यूआर कोड, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. ज्या फोनवर ते पान उघडलं त्याची हिस्ट्री पुसू नका, फोन बदलू नका. अशी पानं फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पत्ता आणि स्क्रीनशॉट लगेच जपा.

आता तुमचा खरा प्रश्न. मित्राने दिलेला सल्ला चुकीचा आहे, आणि तुमचं सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच होऊ शकतं.

रस्त्यात तोतये पोलीस एखाद्या आजीला गाठतात, पुढे खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधा म्हणतात, आणि पुडी बदलून पळतात. दागिने आजीने स्वतःच्या हाताने काढून दिलेले असतात, म्हणून गुन्हा घडला नाही असं कुणी म्हणत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याचा गाभाच तो आहे : खोटं सांगून माणसाकडून त्याची वस्तू काढून घेणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ नेमकं हेच सांगतं, आणि त्याच्या उपकलम ४ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कंपनीचं सोंग घेतलं म्हणून तोतयेगिरीचं कलम ३१९ लागतं. हे संगणकाच्या साधनाने केलं म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड लागतं. ही सगळी कलमं ‘मला खोटं सांगितलं गेलं आणि त्यावर विश्वास ठेवून मी शब्द भरले’ या एका वाक्यावर उभी आहेत. तेच वाक्य तुम्ही तक्रारीतून काढून टाकलंत.

शिवाय त्रुटीची गोष्ट तपासात टिकणार नाही. हार्डवेअर वॉलेटमध्ये खऱ्या त्रुटी सापडल्या आहेत, हे खरं. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या (नाणी घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजाराच्या) सुरक्षा विभागाने दाखवून दिलं की ट्रेझॉर या हार्डवेअर वॉलेटच्या चिपला विजेचे नेमके झटके देऊन आतली माहिती बाहेर काढता येते. तो दोष चिपमधला असल्याने नुसत्या फर्मवेअर अपडेटने बुजणारा नव्हता. पण त्यासाठी चोराच्या हातात उपकरण यावं लागतं, आणि तुमचं तर कपाटात कुलूपबंद होतं. २०२४ मध्ये ‘डार्क स्किपी’ नावाने दुसरी पद्धत समोर आली : उपकरणात आधीच खोटं फर्मवेअर घुसवलेलं असेल, तर रक्कम बाहेर पाठवताना उपकरण करतं त्या एक-दोन डिजिटल सह्यांतूनसुद्धा गुप्त शब्द बाहेर झिरपवता येतात. तुम्ही मात्र त्या वॉलेटमधून एकही रक्कम बाहेर पाठवली नसेल, तर त्या उपकरणाने सहीच केलेली नाही. कंपनीचा वकील हे पहिल्याच तारखेला मांडेल. त्यानंतर तुमच्या खऱ्या हकिगतीवरही विश्वास बसणार नाही. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन सरकारी यंत्रणेला कामाला लावणं हा न्याय संहितेच्या कलम २१७ खाली स्वतंत्र गुन्हाही आहे. तुमच्या बाबतीत तिथवर गोष्ट जाईल असं मला वाटत नाही, पण ही वाट मोकळी ठेवू नका.

म्हणून पुरवणी जबाब द्या. तो पुढीलप्रमाणे असू द्या : पत्र अमुक तारखेला आलं, ते कंपनीचंच वाटलं, त्यातल्या त्रुटीच्या इशाऱ्याने मी घाबरलो, उघडलेल्या पानावर २४ शब्द भरले, पहिल्या तक्रारीत संकोचापोटी हे लिहिलं नाही, आता पूर्ण हकिगत सांगत आहे. याहून लांब स्पष्टीकरणाची गरज नाही. लाज वाटण्याचं कारणही नाही. एप्रिल २०२२ मध्ये ट्रेझॉरच्या ग्राहकांना ‘आमची माहिती फुटली आहे, नवं ॲप उतरवून घ्या’ असे मेल गेले होते. इशाराही खोटा, ॲपही खोटं. सुरक्षेची काळजी घेणारा माणूसच अशा जाळ्यात अडकतो, कारण जाळं त्याच्या काळजीचंच विणलेलं असतं.

पोलिसांनी दिलेलं कारण कायद्यात बसत नाही. क्रिप्टो चलन म्हणून मान्य नाही, पण बाळगणं गुन्हाही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ ला बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगणारं परिपत्रक काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते ४ मार्च २०२० ला रद्द केलं. २०२२ पासून सरकार या नफ्यावर ३० टक्के कर घेतं, आणि ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने क्रिप्टो एक्स्चेंज मनी लाँड्रिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणूनही धारण करता येते, असं म्हटलं. या चार गोष्टी एका पानावर लिहून अर्जाला जोडा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तुमच्या ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक सांगा आणि तो क्रमांक घेऊन सायबर पोलीस ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे नेहमीच्या ठाण्यात हवालदाराशी वाद घालत बसू नका. गुन्हा दखलपात्र आहे. नोंदवून घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस आयुक्तांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. तरीही हालचाल झाली नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. बिटकॉइन ज्या पत्त्यावर गेलं तो पत्ता आणि व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख-क्रमांक) अर्जात ठळक द्या. ही नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक वहीत, सगळ्यांना दिसते. पैसा एखाद्या केवायसी झालेल्या एक्स्चेंजवर पोहोचला तर पोलीस माहिती मागवून खातं गोठवू शकतात. बिटकॉइन बिटकॉइनच राहिलं आणि कुठल्याच एक्स्चेंजवर आलं नाही, तर ते थांबवणारी कुठलीही संस्था नाही. परत मिळण्याची शक्यता कमी आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. स्क्रीनशॉट आणि नोंदींसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते वकिलाकडून तयार करून घ्या.

आता कंपनीविषयी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूच्या जबाबदारीचं प्रकरण आहे, पण ‘हानी’च्या व्याख्येतून निव्वळ आर्थिक नुकसान वगळलेलं आहे. गेलेलं बिटकॉइन ही मालमत्तेची हानी की आर्थिक नुकसान, यावरच वर्षं जातील. त्याशिवाय २४ शब्द कुठल्याही वेबसाइटवर भरू नका ही सूचना खोक्यातल्या कागदावर बहुधा आहेच. एक गोष्ट मात्र आठवून पाहा : वॉलेट सुरू करताना ते शब्द उपकरणाच्या पडद्यावर नव्याने उमटले होते, की खोक्यात आधीच छापलेलं कार्ड होतं? छापलेलं असेल तर ते शब्द आधीच दुसऱ्या कुणाला माहीत होते, म्हणजे तो विक्रेत्याकडचा किंवा वाटेतला घोटाळा आहे आणि प्रकरण पूर्ण बदलतं. तसं असेल तर मला लगेच कळवा, पुरवणी जबाब त्याआधी देऊ नका.

तुमचं नाव-पत्ता चोराला कसा मिळाला, हा प्रश्न रास्त आहे. हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या फ्रान्सच्या लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये फुटली. त्या डिसेंबरात सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर उघड्यावर आले, आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी पोस्टाने बनावट उपकरणं पोचली. तुमच्या उपकरणाच्या कंपनीकडून किंवा विक्रेत्याकडून असं काही झालं का, हे त्यांना नोटीस पाठवून जरूर विचारा. पण भरपाईची आशा धरू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ चं संरक्षण पासवर्ड, बँकेचे तपशील अशा संवेदनशील माहितीला आहे. २०११ च्या नियमांत नाव, पत्ता, फोन त्यात धरलेले नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो सरकारजमा होतो. पीडिताच्या हाती त्यातलं काही येत नाही. मला हा त्या कायद्यातला मोठा अन्याय वाटतो.

बहिणीची बाजू नाजूक आहे, तरी फौजदारी अर्थाने तुम्ही घाबरू नका. न्याय संहितेतल्या विश्वासघाताच्या कलम ३१६ ला लबाडीचा हेतू लागतो. तुमचेही पैसे त्याच वॉलेटमधून, त्याच दिवशी गेले आहेत. मात्र त्रुटीची खोटी गोष्ट तुम्ही तिलाही सांगितली असेल तर तो हेतू दाखवायला मेहुण्यांना आधार मिळतो. खरं काय ते तिला समोर बसून सांगा. तिने दिलेल्या ३ लाखांची बँक नोंद फिर्यादीला जोडा आणि तिचंही नाव नुकसान झालेली व्यक्ती म्हणून येऊ द्या. जे काही परत मिळेल ते ठेवीच्या प्रमाणात वाटून घ्यायचं, असं दोघांच्या सहीने लिहून ठेवा. पैसे तुम्ही भरून द्यायचे का, हा निर्णय घरात बसून घ्यायचा आहे.

‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन आता सुरू होतील, कदाचित सुरू झालेही असतील. आगाऊ फी मागणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका आणि नवे शब्द तर उच्चारूही नका.

राहिला आयकर. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये नाणी हलवणं ही विक्री नसते, आणि फक्त विकत घेऊन ठेवलं असेल तर नफा नाही म्हणून त्यावरचा कर नाही. मध्येच एक नाणं देऊन दुसरं घेतलं असेल, अगदी बिटकॉइन देऊन इथर, तर ती विक्री धरली जाते. अशा अदलाबदलीच्या तारखा आणि रकमा शोधून सनदी लेखापालांना दाखवा आणि विवरणपत्र दुरुस्त करता येतं का ते विचारा. चोरीचं नुकसान पगारातून किंवा दुसऱ्या नफ्यातून वजा करायला कायदा देत नाही. पगाराच्या खात्यातून एक्स्चेंजला गेलेल्या रकमांचे २०२१ पासूनचे उतारे मात्र आताच काढून घ्या. ते आयकराला लागतील, आणि ते बिटकॉइन तुमचंच होतं हे दाखवायला पोलिसांनाही तेच लागतील.