ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट हिरवट का येते?

प्रश्न: मी कोथरूडला राहतो. मंडईचे आणि कसब्यातल्या जुन्या वाड्यांचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट केलेत, स्क्रीनवर एकदम मस्त दिसतात, पण घरच्या चार शायांच्या टँक प्रिंटरवर ग्लॉसी पेपरवर काढले की ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी नेले की गुलाबीसर वाटतात. भारीतला पेपर आणला तर सुटेल का हे?

उत्तर: नाही सुटणार, पेपरवर आत्ता पैसे घालू नका. चार शायांच्या प्रिंटरमध्ये ग्रे शाई नसतेच, तो सियान, मजेंटा, यलो मिसळून राखाडी बनवतो आणि त्यात जरासं कमीजास्त झालं की डोळ्याला लगेच खटकतं, रंगीत फोटोत तेवढं खपून जातं. उजेड बदलला की छटा पण बदलते. त्यात बऱ्याच टँक प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची (बारीक रंगकणांची), कागदपत्रांसाठी असते, ग्लॉसी पेपर निवडला की ती वापरलीच जात नाही, म्हणजे तुमचा काळासुद्धा तीन रंगांचं मिश्रण!

त्यापेक्षा निवडक फोटो लॅबमधून काढून घ्या. प्रिंटर पिगमेंट शाईचा आहे का, ग्रे आणि लाइट ग्रे शाया आहेत का, हे आधी विचारा. मग पेपरचं बघू. मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्यामागे पावसाळी ढग आहेत ना, तो फोटो बरायटा पेपरवर (बेरियम सल्फेटचा थर दिलेला, हलक्या चकाकीचा पेपर) 'फोटो ब्लॅक' शाईने, म्हणजे चकाकीच्या पेपरसाठीच्या काळ्या शाईने काढा, काळा खोल येतो, ढगातल्या बारीक छटा टिकतात. वाड्यांना मात्र मी कॉटनचा मॅट पेपरच घेईन, ३०८ जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०८ ग्रॅम, म्हणजे जाडसर) छान मिळतो, पोपडे आलेली भिंत आणि लाकडी खांब त्यावर खरे वाटतात. त्याला 'मॅट ब्लॅक', म्हणजे मॅट पेपरसाठीची काळी शाई लागते, आणि मॅटवर काळा तितका गडद येत नाही, देवडीतला अंधार सपाट होतो, म्हणून फाइलमध्ये शॅडो थोड्या उचलून, म्हणजे गडद भाग जरा उजळ करून द्या.

फ्रेम करणार असाल तर पांढराशुभ्र पेपर टाळा, त्यात सहसा ब्रायटनर (पेपर जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं) असतात, ते वर्षांनुवर्षांनी मावळतात आणि पेपर पिवळट दिसायला लागतो. प्रिंट काचेखाली घालायच्या आधी एक दिवस तरी उघडी वाळू द्या, आपल्याकडे जुलै-ऑगस्टात त्याहून जास्त. आणि मोठी प्रिंट सांगण्याआधी फोटोची एक छोटी पट्टी काढून घ्या, ती जिथे फ्रेम लावणार त्या भिंतीवर दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा बघा.