जुनी डिंगी जरूर घ्या, पण आधी पॉलिसीचं पहिलं पान उघडा

एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"मॅडम, वय ३८. तीन वर्षं क्लबच्या बोटीतून दर रविवारच्या शर्यतीत उतरतो. सोळा बोटींत नववा-दहावा येतो. क्लबच्या बोटीचं शीड पार मऊ पडलंय. आता स्वतःची नवी कोरी आयएलसीए (एका माणसाने चालवायची शिडाची डिंगी, म्हणजे छोटी बोट) घ्यायची आहे. चार वर्षांचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी मिळतंय, हप्त्यासाठी शनिवार-रविवारी जादा काम घेईन. नवी घ्यावी की जुनी? पुढे विकली तर बरेच पैसे परत येतील ना? बाकी विम्याची आणि मुलांच्या शिक्षणाची काळजी नाही, मुलीच्या नावाने मोठी पॉलिसी आहे. सोबत सगळे कागद जोडतो."

तुम्ही कागद जोडलेत हे फार चांगलं केलंत. बोटीबद्दल चार ओळींत सांगून टाकणार होते, पण पॉलिसीचं पहिलं पान पाहिलं आणि तिथेच थांबले.

तुमचे खरे आकडे इथे देत नाही. महिन्याला हातात पडणारी रक्कम १०० धरते आणि बाकी सगळं त्या हिशेबात सांगते, म्हणजे इतर वाचकांनाही आपापले आकडे बसवून बघता येतील. तुमचा महिन्याचा खर्च गृहकर्जाच्या ३६ च्या हप्त्यासकट ८०. शिल्लक २०, म्हणजे वर्षाला २४०. गृहकर्ज ४,००० बाकी, दर ९ टक्के. बचत खात्यात १८०. नवी बोट ५००, जुनी चांगली १५०. पॉलिसीचा वार्षिक हप्ता १५०, मुदत वीस वर्षं, सहा हप्ते भरून झालेत. विम्याची रक्कम २,५००.

आता ते पान. प्रस्तावकाच्या रकान्यात, म्हणजे पॉलिसी घेणाऱ्याच्या जागी, तुमचं नाव आहे. विमित व्यक्तीच्या रकान्यात, म्हणजे ज्याच्या आयुष्याचा विमा उतरवलाय तिथे, तुमच्या मुलीचं नाव आहे. तेव्हा ती दोन वर्षांची होती, आज आठ वर्षांची आहे. तुम्हाला काही झालं तर या पॉलिसीतून घरात एक पैसाही येणार नाही. उलट पुढचे चौदा हप्ते तुमच्या पत्नीला भरावे लागतील, कारण पालक गेल्यास हप्ते माफ करणारा रायडर, म्हणजे जोडून घ्यायची जादा सोय, तुमच्या पॉलिसीत घेतलेलाच नाही. आणि तुमच्या पत्नीला आज स्वतःची मिळकत नाही.

हे वाचून मला मनापासून राग आला, तुमचा नाही. दोन वर्षांच्या मुलीवर घर चालत नाही. घर तुमच्यावर चालतं, विमा तुमचा हवा होता. "मुलीसाठी काय केलंत?" हा प्रश्न विचारला की कोणताही बाप सही करतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. तुम्ही सहा वर्षं हप्ता चुकवला नाहीत, कारण तुमच्या मते तुम्ही घराची सोय लावत होतात. त्या भावनेचा कुणीतरी धंदा केला.

तुमच्या आयुष्यावर आज विमा आहे तो फक्त कंपनीकडून मिळणारा, दोन वर्षांच्या पगाराइतका, म्हणजे २,४००. नोकरी सुटली की तोही सुटतो. आणि कर्ज आहे ४,०००. म्हणजे आज काही झालं तर सगळी रक्कम भरूनही घरावर १,६०० चं कर्ज उरेल, वर दोन मुलं. धाकटा चार वर्षांचा आहे.

किती विमा हवा? कर्जाचे ४,०००. घरखर्च हप्ता सोडून महिना ४४, वर्षाला सव्वापाचशे. धाकटा स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत वीस वर्षं धरा, साडेदहा हजार. बेरीज साडेचौदा, आपण पंधरा हजार म्हणू. एवढ्या रकमेचा साधा टर्म विमा, ज्यात मुदतीनंतर काहीही परत मिळत नाही असा, तुमच्या वयाच्या धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसाला वर्षाला तीस-पस्तीसच्या आसपास पडतो. आत्ता तुम्ही दीडशे भरता आणि तुमच्यावर काहीच नाही. "काहीच परत मिळत नाही" हे ऐकून नाक मुरडू नका. परत मिळण्याच्या आशेनेच ही पॉलिसी तुमच्या गळ्यात पडली.

त्या परताव्याचंही बघू. वीस वर्षांत भरायचे ३,०००, मिळायचे ५,२००. विकणाऱ्याने तुम्हाला पावणेदोन पट असं सांगितलंय. वर्षावार हिशेब काढला तर तो ५ टक्के भरतो. आणि बोटीसाठी तुम्ही १४ टक्क्यांनी कर्ज काढायला निघालात.

मग पॉलिसी बंद करायची का? घाईने नको, हिशेबाने करू. कंपनीच्या पत्रानुसार आज मोडली तर ५२० मिळतात. भरलेत ९००. हे ३८० गेले, त्यांच्यामागे धावायचं नाही. इथे एक गोष्ट तुमच्या पॉलिसीच्या बाजूने सांगायला हवी. मागचं विसरून आजपासून मोजलं, तर हातातले ५२० आणि पुढचे चौदा हप्ते मिळून ५,२०० होतात, म्हणजे साडेसात टक्के. वाईट दर नाही. पण त्या ५,२०० तला मोठा वाटा अजून जाहीर न झालेल्या बोनसचा आहे, आणि तुमचं गृहकर्ज ९ टक्क्यांचं आहे. हेच पैसे कर्जात भरले तर नऊ टक्के नक्की वाचतात. हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर चौदा वर्षांनी हजार-साडेदहाशे मिळतील, म्हणजे पुन्हा पाचच टक्के. तेव्हा मोडा.

पण क्रम चुकवू नका. आधी टर्म विम्याचा अर्ज, वैद्यकीय तपासणी, पॉलिसी हातात. त्यानंतरच जुनी मोडायची. मधल्या काळात हप्ता आला तर भरून टाका, कारण तोवर जुन्या पॉलिसीचा तुमच्यासाठी विमा म्हणून उपयोग नसला तरी ती अर्धवट लटकत ठेवली तर तुमच्या ५२० लाच धक्का लागू शकतो. अर्जात धोकादायक छंदांचा प्रश्न असतो, तिथे दर रविवारी शिडाच्या बोटीची शर्यत करतो असं स्पष्ट लिहा. चार पैसे जास्त पडले तर पडू देत. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर आली की त्रास तुमच्या पत्नीला होतो.

आता बोट.

५०० चं कर्ज, १४ टक्के, चार वर्षं. महिन्याला साधारण पावणेचौदा, एकूण ६५५. नुसतं व्याज १५५. म्हणजे नव्या बोटीच्या व्याजात जुनी बोट येते. वर्षाला शिल्लक २४०, त्यातून पॉलिसीचे १५० आणि बोटीचे १६५ गेले की ७५ ची तूट. शिवाय क्लबमध्ये बोट ठेवण्याचं भाडं, समोरच्याच्या नुकसानीचा विमा, दोरखंड, पुल्या, दर दोन-तीन मोसमांनी शीड, यांचे वर्षाला ४० तरी धरा. ते तुमच्या पत्रात कुठेच नाहीत. तूट ११५. ती भरायला तुम्ही रविवारी काम करणार.

इथेच गफलत आहे. मी स्वतः दोन माणसांच्या बोटीत पुढच्या जागेवर बसून बरेच मोसम काढलेत, म्हणून कळकळीने सांगते. साप्ताहिक मालिकेत पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, आणि जो आलाच नाही त्याला मालिकेत नावं नोंदवलेल्या बोटींपेक्षा एक जास्त. सोळा बोटींत सतरा. तुम्ही लिहिलंय की बारा शर्यतींतले आठ चांगले निकाल धरतात. सहा रविवार कामात गेले तर त्या आठांत दोन सतरा बसतील. नव्या कोऱ्या शिडाने ते भरून निघत नाहीत.

आणि आयएलसीए, जिला २०१९ पर्यंत सगळे लेझर म्हणायचे, ती मुळात एकसारख्या बोटींची श्रेणी. एकच आकार, एकच शीड, माणसामाणसांत शर्यत व्हावी म्हणूनच. नववा येणारा माणूस बोटीमुळे नववा येत नाही. पाच मिनिटांचा भोंगा, चार मिनिटांचा, एक मिनिटाचा, आणि शून्याला तुम्ही रेषेवर आहात की वीस सेकंद मागे दुसऱ्याच्या शिडाने वारा अडवलेल्या जागेत, बरंचसं तिथेच ठरतं. त्यासाठी पाण्यावर तास घालवावे लागतात. स्वतःची बोट घ्यायची तर ती या तासांसाठी घ्या. ते कारण मला पूर्ण पटतं. मऊ शीड वाऱ्याविरुद्ध जाताना खरंच मागे ठेवतं, ही तुमची तक्रारही खरी. पण त्यावर उपाय शीड बदलणं, बोट नाही.

विकताना पैसे परत येतील का? नवी बोट पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त उतरते, ती उतरण तुमच्या खिशातून जाईल. दहा वर्षांची बोट तिच्या आधीच्या मालकाच्या खिशातून उतरून गेलेली असते. नीट राखलीत तर घेतलेल्या भावाच्या जवळपास जाईल. तिला गुंतवणूक मात्र म्हणू नका. आनंदाचा खर्च म्हणा आणि मोकळ्या मनाने करा.

तर ५२० ची वाटणी. ३०० बचतीच्या १८० त मिळवा, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्या २२० त १५० ची बोट, बाकीच्यात एक नवं शीड आणि किरकोळ सामान. दरवर्षी वाचणाऱ्या १५० तून टर्म विम्याचे ३५ आणि बोटीचे ४० वजा करा, राहिलेले ७५ गृहकर्जात. शिल्लक २४० तले वरचे ९० मुलांच्या शिक्षणासाठी, ते कशात घालायचे ते सवडीने पुन्हा विचारा. कर्ज नाही, रविवारचं काम नाही.

जुनी बोट बघायला जाल तेव्हा पाण्याची मोठी बाटली न्या. डोलकाठी ज्या नळीत उभी राहते ती काठोकाठ भरा आणि वीस मिनिटं मालकाशी गप्पा मारा. पातळी खाली गेली तर पाणी बोटीच्या पोटात झिरपतंय, तिथे डोलकाठी एक दिवस जोराच्या वाऱ्यात डेक, म्हणजे बोटीचा वरचा पृष्ठभाग, फाडून बाहेर येईल. डेकवर डोलकाठीच्या आणि बसण्याच्या खोलगट जागेच्या भोवती अंगठ्याने दाबत जा, कुठे स्पंजासारखं लागलं तर सोडून द्या. मागचं बूच काढून बोट मागे कलती करा आणि बघा किती पाणी येतं. जमलं तर वजन करा, डोलकाठी-शीड सोडून नुसत्या हलचं, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचं, वजन ५९ किलोच्या आसपास असतं, सत्तर भरलं तर आतल्या फोमने पाणी धरलंय. डोलकाठीचा वरचा भाग टेबलावर लोळवून वाकलाय का तेही बघा. शीड कसंही असू दे, ते तुम्ही बदलणारच आहात. जुनं सरावाला ठेवा.

आणि टर्म विम्याचे कागद आले की पहिलं पान उघडून विमित व्यक्तीच्या रकान्यात तुमचं नाव आणि वारसाच्या (नॉमिनीच्या) रकान्यात पत्नीचं नाव आहे ना, ते दोघांनी मिळून वाचा. मग त्या पानाचा फोटो मला पाठवा.