प्रोग्राम अनंत लूपमध्ये अडकला, तर ऑपरेटिंग सिस्टीम सीपीयू परत कसा घेते?

तुमची शंका अशी : सीपीयूचा कोर एकच आहे आणि त्यावर माझा लूप फिरतोय, म्हणजे त्या क्षणी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) चालतच नाही, मग सीपीयू काढून घेतं कोण? शंका अगदी रास्त आहे. 'शेड्युलर सगळ्या प्रोसेसवर लक्ष ठेवतो' असं मलाही शिकवलं होतं (शेड्युलर म्हणजे पुढची पाळी कोणत्या प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, ते ठरवणारा कर्नलचा भाग), आणि त्या वाक्यामुळे मी बरेच दिवस अडलो होतो. शेड्युलर लक्ष ठेवत नाही. तुमचा लूप चालू असताना तो मेमरीत नुसता पडून असतो.

जागा असतो तो टायमर, आणि तो हार्डवेअर आहे. तुमच्या हाती सीपीयू सोपवण्याआधीच कर्नलने तो लावून ठेवलेला असतो. वेळ भरली की इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवणारा हार्डवेअरचा इशारा, येतो. सीपीयू आपण कुठवर आलो तो पत्ता जपून ठेवतो आणि कर्नलने नेमून दिलेल्या पत्त्यावर उडी मारतो. तुमच्या प्रोग्रामला कुणी विचारत नाही. त्याने इंटरप्ट बंद करायची इन्स्ट्रक्शन चालवून पाहिली, तरी यूजर मोडमध्ये (साधे प्रोग्राम ज्या मर्यादित अधिकारांत चालतात त्यात) सीपीयूच ती नाकारतो. सगळी मदार या एका अटीवर आहे.

एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिचा कोड जरूर वाचा. तिथे हे उघड दिसतं : टायमरचा हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कर्नलचा कोड) 'टिक्स' हा टायमरच्या इंटरप्टचा, म्हणजे टिकचा, मोजणी-आकडा एकने वाढवतो, पुढचा इंटरप्ट साधारण एक दशांश सेकंदावर लावतो, आणि परतताना 'यील्ड' हे सीपीयू सोडून देणारं फंक्शन बोलावलं जातं. म्हणजे प्रत्येक टिकला पाळी बदलते.

लिनक्समध्ये तसं नाही. कर्नलचा टिक २५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २५० वेळा, असेल तर दर ४ मिलिसेकंदांनी टिक येतो, पण तेव्हा आधी फक्त हिशोब होतो : या प्रोसेसने किती वेळ खाल्ला? वाट्यापेक्षा जास्त झाला असेल तर 'पाळी बदला' अशी खूण केली जाते, आणि प्रत्यक्ष बदल इंटरप्टमधून परतताना होतो. शिवाय डिस्कची किंवा कीबोर्डची वाट बघणारी प्रोसेस टिकपर्यंत थांबतच नाही, ती आपणहून सीपीयू सोडते.

स्वतः बघायचं असेल तर लिनक्सवर प्रॉक डिरेक्टरीतली 'इंटरप्ट्स' फाइल उघडा आणि 'एलओसी' ही ओळ (प्रत्येक कोरच्या टायमरच्या इंटरप्टची मोजणी) दर सेकंदाला वाचा. माझ्या मशीनवर लूप चालू असलेल्या कोरचा आकडा सेकंदाला २५० च्या आसपास वाढतो. रिकाम्या कोरचा मात्र जेमतेम हलतो, कारण २००७ पासून लिनक्स कोर रिकामा असेल तर टिकच थांबवून ठेवू शकतो.