वाचकांचे प्रश्न : गणिताचे कर्वे आणि त्यांचे घर

प्रश्न : गणिताचे प्राध्यापक कर्वे आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे प्राध्यापक कर्वे हे एकच का? मुलीच्या प्रकल्पासाठी शोधताना दोघांची माहिती एकमेकांत मिसळते आहे. (दापोली)

एक नव्हेत, बापलेक आहेत. घोटाळा होतो तो दोघेही गणित शिकवत असल्यामुळे. वडील धोंडो केशव, म्हणजे महर्षी कर्वे, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये होते. थोरला मुलगा रघुनाथ मुंबईच्या विल्सन कॉलेजात होता. संततिनियमनाचा प्रचार सोडायचा की नोकरी, असा पेच आल्यावर त्याने 1925 मध्ये नोकरी सोडली. ‘समाजस्वास्थ्य’ निघाले ते जुलै 1927 पासून. टिपण काढताना नुसते ‘प्रा. कर्वे’ लिहू नका, ‘धों. के.’ किंवा ‘र. धों.’ ही आद्याक्षरे प्रत्येक ठिकाणी घाला. मजकुरात पुण्याजवळचे हिंगणे, विधवांचा आश्रम, महिला विद्यापीठ आले की वडील, आणि मुंबई व संततिनियमन आले की मुलगा, असे बहुतेक वेळा जुळते. मृत्यूच्या वर्षांकडेही लक्ष द्या : मुलगा 1953 मध्ये गेला, वडील त्यानंतर नऊ वर्षांनी, 9 नोव्हेंबर 1962 रोजी.

प्रश्न : महर्षी कर्व्यांनी फर्ग्युसन कधी सोडले? निवृत्तीनंतरचे आयुष्य ‘आत्मवृत्ता’त फारसे का सापडत नाही? (सांगली)

‘आत्मवृत्त’ पहिल्यांदा 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे लेखक कॉलेजातून निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालेले. महिला विद्यापीठ निघायचे होते, परदेशदौरे व्हायचे होते. पहिल्या आवृत्तीवरूनच चरित्र लिहिले तर अर्धा माणूस हातातून निसटतो. पुढच्या काळासाठी नंतर लिहिलेली चरित्रे आणि संस्थांचे अहवाल पाहावेत.

क्रम असा. टिळक फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि गणिताची जागा रिकामी झाली. 1891 मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे मुंबईहून पुण्याला आले. 1896 मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो 1900 मध्ये हिंगण्याला गेला. कॉलेजातले तास संपले की चालत हिंगण्याला जायचे, तिथे मुलींना शिकवायचे आणि सकाळी तास घ्यायला परतायचे, असा दिवस त्यांनी बरीच वर्षे रेटला. हिंगणे तेव्हा गावाबाहेर होते आणि वाट पावसाळ्यात चिखलाची. 1914 मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी कॉलेज सोडले.

पुढच्या वर्षी सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. 1916 मध्ये विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी सक्तीचा विषय, अशी रचना होती. खरी अडचण मान्यतेची होती. सरकारमान्यता नाही म्हणून पदवीला नोकरीच्या बाजारात वजन नाही, आणि वजन नाही म्हणून पालक मुलींना पाठवायला कचरतात. पैशाची घडी बसली ती 1920 मध्ये, सर विठ्ठलदास ठाकरसींनी 15 लाख रुपये दिल्यावर. ठाकरसींच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव आजही विद्यापीठाच्या एसएनडीटी या नावात आहे. कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळायला मात्र 1949 उजाडले. ही मधली तीसेक वर्षे चरित्रलेखक दोन ओळींत उरकतात, याचे फार वाईट वाटते. निवृत्त माणसाने मान्यता नसलेली पदवी इतका काळ कशी टिकवली, याचा खरा अभ्यास तिथेच आहे.

प्रश्न : महर्षी कर्व्यांच्या कामात घरच्यांचा वाटा किती? (नाशिक)

पुष्कळ, आणि तो कमी लेखला जातो. पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये वारली. रघुनाथ तिचा मुलगा. 11 मार्च 1893 रोजी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या बालविधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. मुरूड या कर्व्यांच्या गावच्या लोकांनी या लग्नावरून कर्व्यांना वाळीत टाकले. शंकर, दिनकर आणि भास्कर हे आनंदीबाईंचे मुलगे. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. इरावती कर्वे त्यांच्या पत्नी. भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. पगारातला आणि वेळेतला मोठा हिस्सा आश्रमाकडे जात असताना संसार बाया कर्वे यांनी चालवला, हे वंशावळीच्या तक्त्यातून दिसत नाही. प्रकल्पात त्यांच्यासाठी वेगळे पान ठेवा.

प्रश्न : रँग्लर परांजपे यांचे कर्व्यांशी काय नाते? (ठाणे)

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे नात्याने कर्व्यांचे धाकटे भाऊ. शिक्षणासाठी ते कर्व्यांच्याच घरी राहिले. 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, 1902 मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे शेवटची बारा वर्षे कर्वे स्वतः वाढवलेल्या भावाच्या हाताखाली गणित शिकवत होते. तिसरा ‘गणिताचा रघुनाथ’ मात्र कुठे शोधू नका. या घरात दोनच आहेत.