रस्त्याकडेचे ते दगडी स्तंभ

प्रश्न : मुलाकडे मेलबर्नला गेलो असताना आम्ही मोटारीने सिडनीपर्यंत प्रवास केला. वाटेत लहान गावांमध्ये ‘ह्यूम आणि हॉव्हेल, १८२४’ असे कोरलेले दगडी स्तंभ वारंवार दिसले. एकाच मोहिमेची इतकी स्मारके कशासाठी? – एक वाचक, पुणे

उत्तर : ही स्मारके एका जागेची नसून वाटेची आहेत. मोहिमेच्या शताब्दीनिमित्त १९२४ साली वाटेवरील अनेक गावांनी आपापल्या हद्दीत असे स्तंभ उभारले. हॅमिल्टन ह्यूम हा ऑस्ट्रेलियातच जन्मलेला, रानवाटांचा जाणकार. विल्यम हॉव्हेल हा इंग्लंडहून आलेला जहाजाचा कप्तान. दक्षिण किनाऱ्यापर्यंतची खुष्कीची वाट शोधण्यासाठी ऑक्टोबर १८२४ मध्ये सिडनीच्या दक्षिणेकडून ते निघाले. पुराने भरलेल्या मरम्बिजी नदीवर त्यांनी गाडीची चाके काढली, साट्याला खालून ताडपत्री गुंडाळली आणि त्या होडीतून सामान पलीकडे नेले. नोव्हेंबरात आजच्या ऑल्बरीजवळ ते एका मोठ्या नदीशी पोहोचले. ह्यूमने तिला आपल्या वडिलांचे नाव दिले. परंतु १८३० मध्ये चार्ल्स स्टर्ट या दुसऱ्या शोधप्रवाशाने तिच्याच खालच्या प्रवाहाला मरे म्हटले आणि तेच नाव टिकले.

१६ डिसेंबरला त्यांना समुद्र लागला. तो गिलाँगजवळचा कोरिओ उपसागर होता. पण हॉव्हेलचे रेखांशाचे गणित सुमारे एका अंशाने चुकल्यामुळे आपण पूर्वेकडील वेस्टर्न पोर्ट या दुसऱ्याच उपसागराला आलो, असे दोघांनी परतल्यावर सांगितले. त्यांनी वर्णिलेल्या सुपीक जमिनीच्या भरवशावर सरकारने १८२६ मध्ये वेस्टर्न पोर्टला वसाहत धाडली, तेव्हा तिथे ते गवताळ माळरान सापडेना. सोबत गेलेल्या हॉव्हेलला चूक तेव्हा उमगली, आणि १८२८ मध्ये ती वसाहत उठली. श्रेय कोणाचे, हा दोघांचा वाद मात्र पुढे म्हातारपणापर्यंत चालला.

माझ्या मते या दोन नावांपुरते थांबणे अन्यायाचे आहे. त्यांच्याबरोबर आणखी सहा माणसे चालत होती, आणि त्यांत मायदेशातून शिक्षा म्हणून हद्दपार झालेले कैदी होते. त्यांच्यापैकी टॉमस बॉइड हा दोर घेऊन पुराच्या पाण्यात उतरणारा पट्टीचा पोहणारा. शिवाय ज्या भूमीचा ‘शोध’ लागला, असे म्हटले गेले, तिथे मरेकाठी विराजुरी आणि कोरिओ परिसरात वाथाउरुंग लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते.

पुढच्या खेपेस ऑल्बरीला अवश्य थांबा. हॉव्हेलने १७ नोव्हेंबर १८२४ रोजी आपले नाव कोरलेले झाड तिथे नदीकाठी अजून उभे आहे.