चारही पंखे काढून बीएलडीसी लावावेत का? मी म्हणेन दोनच लावा

तुमचा प्रश्न असा की घरात चार जुने पंखे आहेत, बिल 220-230 युनिटच्या आसपास येतं, दुकानदार म्हणतोय चारही काढून बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचे, कमी वीज खाणारे) पंखे लावा, बिल निम्म्यावर येईल, तर बारा हजार घालावेत का. मी हाच घोळ तीन वर्षांपूर्वी घालून बसलोय, नाशकात राहतो, महावितरणचंच मीटर आहे, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे निम्मं बिल वगैरे विसरा. दुकानदाराचं गणित एका बाबतीत बरोबर असतं, जुना पंखा फुल स्पीडला 70-75 वॉट खातो आणि बीएलडीसी 28-30 खातो, हे खरं आहे, यात फसवणूक नाही. पण पंखा म्हणजे अख्खं बिल नाही ना. फ्रिज आहे, गिझर आहे, मोटर आहे. गिझरचंच बघा, 25 लिटरची टाकी साध्या पाण्यापासून 60 डिग्रीला न्यायची तर एक युनिट जातं, चार माणसं आंघोळीला म्हणजे थंडीत रोज दोन टाक्या कुठे गेल्या नाहीत. त्यामुळे पंखे बदलून बिल निम्मं होणार नाही.

आता तुमच्या घरात नेमकं किती वाचेल ते मोजायचं. आणि हे घरबसल्या फुकटात मोजता येतं, मला आमच्या सोसायटीच्या वायरमनने शिकवलं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो बघा, आणि शेजारी 3200 असा आकडा छापलेला असतो, म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं (काही मीटरवर आकडा वेगळा असतो, आधी तो वाचा). घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा प्लगसुद्धा काढा, वायफायचा डबा बंद, आणि फक्त एक पंखा फुलवर ठेवा. मग खाली मीटरपाशी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. 3200 वालं मीटर असेल तर 1125 ला त्या सेकंदांनी भागा, वॉट मिळाले. माझा हॉलचा पंखा 15 सेकंदाला एकदा, म्हणजे 75 वॉट. नवीन लावल्यावर 40 सेकंद, म्हणजे 28. शेजारचे काका विचारत होते मीटर खराब झालंय का, रोज काय उभा असतोस, पण ते जाऊदे.

हे करताना एक गंमत कळली की सगळं बंद केलंय असं वाटत असताना दिवा तरीही अधूनमधून लुकलुकत होता. शोधलं तर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, रिमोटने बंद केलेला पण वरून हात लावला तर कोमट. आमचा 10 वॉट खात होता, चोवीस तास, महिन्याला सात युनिट नुसता झोपून. त्याचं बटण भिंतीवरून बंद करायला काहीच पैसे लागले नाहीत.

आता रुपयात. इथेच बहुतेक लोक चुकतात आणि मी पण चुकलो होतो. आपण काय करतो, बिलाची रक्कम भागिले युनिट, आला 11 रुपये दर, मग वाचलेल्या युनिटला 11 ने गुणायचं. पण बिलात स्थिर आकार असतो तो पंखा लावा नाहीतर काढा तेवढाच राहतो, आणि युनिटचा दर टप्प्याने आहे, 100 पर्यंत वेगळा, 101 ते 300 वेगळा, 301 ते 500 वेगळा. तुम्ही जे युनिट वाचवता ते पहिले शंभर नसतात, शेवटचे असतात, वरच्या टप्प्यातले. मी हिशोब केला तो 2024-25 च्या दराने, तेव्हा पहिल्या शंभरला 4.71, पुढच्या टप्प्याला 10.29, त्याच्या पुढच्याला 14.55, प्रत्येकात 1.17 वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) मिळवायचा आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे शंभरच्या आतलं युनिट पावणेसात रुपयाला, शंभरच्या पुढचं सव्वातेराला आणि तीनशेच्या पुढचं अठराच्या वर. दर बदलत असतात, तुमच्या ताज्या बिलावर छापलेले घ्या, पण पद्धत हीच.

तर तुमच्यासारखं 220 युनिटचं घर म्हणजे त्या दराने वाचलेलं एक युनिट सव्वातेराचं. मे महिन्यात कूलर लागला आणि 330 वर गेलात तर वरचे तीस युनिट अठरा रुपयांचे. आणि उलटं, माझी बहीण एकटी राहते, तिचं बिल 80-90 युनिट, तिने हाच पंखा लावला तर तिला निम्माच फायदा, तिला मी नको म्हणूनच सांगितलं.

पुढचं गणित सोपं आहे. एका पंख्यामागे 45 वॉट वाचतात धरा. आमचा हॉलचा पंखा 14 तास चालतो, आई घरात असते आणि ती हॉल सोडून दुसरीकडे बसतच नाही, तर महिन्याला 19 युनिट. बेडरूमचा रात्रीचा 10 तास, साडेतेरा युनिट. दोन्ही मिळून 32, म्हणजे सव्वाचारशे रुपये. दोन पंख्यांचा खर्च 5800 आणि फिटिंगचे 300, जुन्या दोघांचे भंगारवाल्याने 400 दिले (आत तांब्याची वाइंडिंग असते, त्याने आधी दीडशे म्हणलेले, घासाघीस करा). नाशकात डिसेंबर-जानेवारीत पंखा लागतच नाही म्हणून ते दोन महिने सोडले तर साधारण सव्वा ते दीड वर्षात पैसे वसूल. चांगला सौदा आहे, एफडीत कुठे एवढं मिळतं.

पण मी शहाण्याने तिसरा गेस्ट रूमला लावला, मॅचिंग दिसावं म्हणून. ती खोली वर्षातून वीस दिवस वापरात, रात्री आठ तास. सात युनिट वाचतात. महिन्याला नाही हो, वर्षाला. पंच्याण्णव रुपये. 2900 चा पंखा वसूल व्हायला तीस वर्षं, तोपर्यंत पंखा राहील का मीच राहीन माहीत नाही. स्वयंपाकघराचा मात्र नाही बदलला, तिथे गॅसची ज्योत हलते म्हणून कोणी लावतच नाही.

म्हणून तुमच्या चारपैकी कोणता पंखा किती तास चालतो ते आधी आठवडाभर बघा. दिवसाला आठ-दहा तासांच्या वर जे जातात ते बदला, बाकीचे बिघडतील तेव्हा बघू.

आणि बिघडला म्हणजे नेमकं काय ते पण बघा. जुना पंखा हळू फिरतो म्हणून लोक टाकून देतात, नव्वद टक्के वेळा कपॅसिटर गेलेला असतो (नव्वद टक्के हा आमच्या वायरमनचा आकडा, माझा नाही). वरच्या वाटीत एक छोटी डबी असते, 2.5 मायक्रोफॅरडची, पन्नास-साठ रुपयात येते, बदलली की पंखा परत वारा देतो. आणि जुना मोठा डब्यासारखा रेग्युलेटर असेल, चालू असताना गरम लागतो तो, तर स्पीड कमी करून वीज फारशी वाचत नाही, जी वाचायची ती त्या डब्यात उष्णता होऊन जाते. छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर दोन-अडीचशेत येतो. ज्या खोलीत पंखा कमी चालतो तिथे एवढंच करा, बास.

बीएलडीसीची दुसरी बाजू पण सांगतो, दुकानात सांगत नाहीत. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. माझा हॉलवाला दोन वर्षं चार महिन्यांनी पावसाळ्यात एका रात्री लाईट येजा करत होती तेव्हा बंद पडला, वॉरंटी दोन वर्षांची, झालं, बोर्डाचे 650 आणि मेकॅनिकच्या चकरा वेगळ्या, त्यात आठ दिवस आई टेबल फॅनसमोर बसून माझ्याकडे बघत होती. जुना पंखा बावीस वर्षं चालला होता असं तिने किमान बावीस वेळा सांगितलं. म्हणजे माझे वसुलीचे दीड वर्ष धरलेले ते पावणेदोन झाले. तुम्ही घेताना शंभर-दोनशे जास्त गेले तरी जास्त वर्षांची वॉरंटी घ्या, आणि गावात त्याचा सर्व्हिस देणारा माणूस आहे का ते विचारा. स्टार लेबल बघायला विसरू नका, 2023 च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं झालंय. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरमनकडून काढून घ्या, त्याच्यावर हा पंखा चालवायचा नसतो.

इन्व्हर्टर असेल तर मात्र एक फायदा मी हिशोबात धरलाच नाही, लाईट गेल्यावर त्याच बॅटरीवर पंखा खूप जास्त वेळ चालतो, आणि व्होल्टेज कमी झालं तरी स्पीड पडत नाही. तुमच्याकडे लाईट जात असेल तर याचं मोल तुम्हीच ठरवा, ते रुपयात मला नाही काढता आलं.

तर बारा नाही, सहा हजार घाला. गेस्ट रूमचा आमचा अजून नवाकोरा आहे. दिवाळीत मामा येतात चार दिवस, त्यातला पहिला दिवस रिमोट शोधण्यात जातो आणि बाकीचे तीन त्यांना थंडी वाजते म्हणून पंखा बंद असतो.